सिद्दीकीसाहेबांना नारळाच्या वड्या

माझ्या आईने आयुष्यात एकाच परपुरुषाला नेमाने खाऊ पाठवला, आणि तो पुरुष अस्तित्वात नव्हता. हे मी चारचौघांत सांगते तेव्हा लोक हसतात, आणि हसावं म्हणूनच सांगते. पण सौदी अरेबियातल्या हुफूफच्या आमच्या स्वयंपाकघरात दर गुरुवारी नारळ खवला जाई, वड्या थापल्या जात, स्टीलच्या डब्यात कागद घालून रचल्या जात आणि डब्याबरोबर निरोप जाई, "सिद्दीकीसाहेबांका सांगा, गोड कमी वाटला तर फुडच्या खेपेक वाढवतंय." असं दोन वर्षं चाललं. यात हसण्यासारखं काही आहे हे तेव्हा फक्त बाबांना आणि त्यांच्या कॅम्पातल्या मित्रांना ठाऊक होतं. वड्या तेच खात.

ज्यांनी आखातात दिवस काढले त्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. त्या देशात दारूला बंदी. सापडलात तर आधी जेल आणि मग विमान. म्हणून कामगारांच्या कॅम्पात कुणीतरी चोरून साखरेची गाळायचं. पाण्यासारखी दिसणारी, पाण्याच्याच बाटलीत भरलेली ती चीज, आणि तिचं तिथलं लाडकं नाव सिद्दीकी. अरबीत सदीकी म्हणजे माझा मित्र. बाबा कॅम्पातून उशिरा परतले की आईला सांगत, सिद्दीकीकडे बसलो होतो. वाक्य शंभर टक्के खरं होतं. आईने मनाशी धरलं, कुणी लखनौकडचा खानदानी माणूस असणार, एकटा राहतो, ह्यांना जीव लावतो. आणि कोकणातल्या बाईला कुणी नवऱ्याला जीव लावतो असं कळलं की ती नारळ फोडणारच.

बाबांनी आईची चूक दुरुस्त केली नाही, उलट फुलवली. त्याचं कारण असं की गावी असताना ते दशावतारात राजे करायचे. दशावताराला लिहिलेलं नाटक नसतं. कथा तेवढी ठरलेली, आणि बोलणं ज्याने त्याने उभ्या उभ्या रचायचं. समोरच्याने काहीही विचारलं तरी राजाने थांबायचं नाही, "आठवून सांगतो" म्हणायचं नाही. थांबलेला राजा म्हणजे पडलेला पडदा. तर आईने विचारलं, सिद्दीकीसाहेब करतात काय? बाबांनी क्षणात त्यांना पाण्याच्या खात्यात मोठ्या हुद्द्यावर बसवलं. मुलंबाळं? एक झील, दुबईत. बायको? आली नुकतीच, आणि या वयात पुन्हा दिवस गेलेत, म्हणून बाहेर निघत नाही. आईने मग बाळासाठी झालरीचं टोपडं शिवलं, आणि एका शुक्रवारी जेवायला आलेल्या परबकाकांच्या हातात ठेवलं. परबकाका बाबांच्याच कारखान्यात वेल्डर होते, आमच्याच तालुक्यातले. टोपडं बघून त्यांना ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि शेवटी ते म्हणाले, "वैनी, सिद्दीकी बाटलीत रवता गो."

आई त्या टोपड्याकडे बराच वेळ बघत राहिली. रडली नाही, भांडली नाही. एकच विचारलं, "मगे दोन वर्सां वड्यो खाल्ल्यो कोणी?" परबकाकांनी मान खाली घातली. त्या दिवसापासून वड्या बंद झाल्या, आणि सिद्दीकीचं नाव निघालं की "त्याच्या तोंडार शिरा पडो" हा शापाचा आहेर सुरू झाला. बाकी काही बदललं नाही. बाबा पीतच राहिले. बबनकाका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, गावी अचानक वारले तेव्हा बाबांचा पासपोर्ट कफीलकडे, म्हणजे कामावर ठेवणाऱ्या मालकाकडे होता आणि जाण्यायेण्याचा व्हिसा हातात पडेपर्यंत तेरावा होऊन गेला. त्यानंतर बाबांचं पिणं गुरुवारपुरतं राहिलं नाही, एवढंच काय ते.

आमचं घर खजुराच्या कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागून होतं. बाबा तिथल्या कोल्ड स्टोरेजवर ऑपरेटर. भिंतीपलीकडे तीन मोठे कॉम्प्रेसर दिवसरात्र धडधडत. मी त्यांच्या ठेक्यावर पाढे पाठ केले. मधूनच अमोनियाचा भपकारा येई, आणि तो ओसरला की पुन्हा खजुराचा गुळमट वास. तिथल्या सर्वांत नामांकित खजुराचं नाव खलास. आई नवी होती तेव्हा दुकानदार टोपलीकडे बोट दाखवून "खलास, खलास" म्हणत राहिला आणि ही समोर ढीग दिसत असताना "संपले म्हणतो" असं म्हणत हात हलवत परत आली. त्या तीन कॉम्प्रेसरांना बाबांनी आपल्या तीन आत्यांची नावं दिली होती. आनंदीआत्या शांत. गंगाआत्या दम्याची. सुंदराआत्या तापट, सकाळी तिच्याशी हळू बोलायचं, म्हणजे तिचा व्हॉल्व्ह हळू उघडायचा. कागदावर काही नव्हतं. सगळं बाबांच्या डोक्यात.

आणि ते डोकं आतून कुरतडलं जात होतं. आज मागे वळून बघते तर सगळ्या खुणा अगदी ढळढळीत होत्या, दशावताराच्या गॅसबत्तीसारख्या. सकाळी बाबांचे हात इतके थरथरत की आई कप अर्धाच भरायची. दाढी केली की हनुवटीवर कागदाचे चार तुकडे चिकटलेले. मोरीत नळ पूर्ण सोडून ओकाऱ्या काढायचे आणि वर मोठ्याने नांदी म्हणायचे, म्हणजे आम्हाला ऐकू जाऊ नये. मला तेव्हापासून नांदी आणि ओकारी वेगळी ऐकूच येत नाही. तोंड सुजलेलं, पाय काटक्यांसारखे. तळव्यांना वाळू टोचतेय म्हणायचे आणि चपला झटकत बसायचे. जेवण तर सुटलंच. हुफूफला समुद्र नाही, पण शुक्रवारी दम्मामकडून मासळी यायची. सुरमईला तिथे कनाद म्हणतात. आई तिचं तिखलं करायची, सोलकढी करायची, आणि बाबांच्या ताटात माशाचं डोकं वाढायची. तो घरातल्या कर्त्याचा मान. एका शुक्रवारी ते डोकं तसंच परत आलं. आईने ताट उचललं आणि भिंतीला टेकून उभी राहिली. नवरा पितो हे तिने पचवलं होतं. मालवणी माणूस माशाचं डोकं टाकून उठतो हे तिला पचलं नाही.

त्यांची चालही बदलली. दोन पायांत हातभर अंतर ठेवून, होडीत उभं राहिल्यासारखे चालायला लागले. कॅम्पात सगळे खूश. शुक्रवारी जेवणं झाली की परबकाका बाबांना उभं करायचे, डोक्याला टॉवेल गुंडाळायचे, आणि बाबा राजाची चाल चालायचे. टाळ्या पडायच्या. सगळे म्हणायचे, वीस वर्षं झाली रंगभूमी सोडून, पण चाल बघा, अंगात मुरलेली. त्यातली निम्मी चाल सिद्दीकीची होती हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. मीही टाळ्या वाजवल्यात.

तसंच बोलण्याचं. बाबा हल्ली पूर्वीपेक्षा बहारदार बोलत. काल कुठे होता विचारलं तर म्हणायचे, मक्केच्या रस्त्यावर एका मोठ्या हॉटेलची चिलर मशीन बंद पडली होती, मला खास बोलावणं आलं, जाताना उंट आडवा आला. मक्का आमच्यापासून हजार मैलांवर नसेल, पण काल जाऊन आज परत येण्यासारखी नक्कीच नव्हती, आणि आमच्यासारख्यांना तिथे प्रवेशही नव्हता. आम्हाला वाटायचं, रंगात आलेत. मी शाळेच्या बसमध्ये या गोष्टी सांगून भाव खायची. नंतर मी चार डॉक्टरांना भंडावून सोडून शहाणी झाले. दारू पोट भरते, पण पोसत काही नाही. बी-वन नावाचं एक जीवनसत्त्व असतं, तांदळाच्या कोंड्यातही असतं, ते संपलं की आधी डोळे आणि पाय दगा देतात, मग आठवणींचं कोठार. आणि मेंदूला भोक सहन होत नाही. जिथे आठवण नाही तिथे तो हाताला येईल त्या कापडाचं ठिगळ लावतो. माणूस खोटं बोलत नसतो. तो ठिगळालाच सदरा समजत असतो. आई हेच तिच्या भाषेत सांगायची: हे खोटं बोलत होते तेव्हा बरे होते.

याच सुमारास सौदायझेशनची हवा आली. म्हणजे परदेशी माणसाच्या जागी हळूहळू तिथला माणूस आणायचा, आणि त्याला तयार करायचं कुणी, तर त्याच परदेशी माणसाने. परबकाका त्याला सवतायझेशन म्हणायचे. त्यांचं म्हणणं, घरात सवत आणायची आणि वर तिला आपणच भाकऱ्या थापायला शिकवायचं. कॅम्पात एक अलिखित कायदा झाला होता: शिकवायचं, पण हातचं राखून. दहातल्या नऊ गोष्टी दाखवायच्या, दहावी आपल्या खिशात. जोवर दहावी खिशात, तोवर इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, खिशात.

बाबांच्या वाट्याला आला फहद. कोवळी दाढी, पांढराशुभ्र पायघोळ थोब, आणि हातात जाडजूड वही. सगळ्यांनी पैजा लावल्या की हा एसीत झोपा काढेल. फहदने झोप काढली नाही. तो बाबांना उस्ताद म्हणायचा आणि त्यांच्या तोंडून निघेल ते लिहून घ्यायचा. सुंदराआत्याचं नाव त्याने अरबीत 'सुंद्रा' असं लिहिलं आणि खाली शेरा मारला, सकाळी रागावते. त्याला हिंदी शिकायचं होतं, म्हणून कामाशिवायच्या गप्पाही तो लिहायचा. परबकाका बाबांना बजावत, त्या वहीपासून सांभाळ. मग काही आठवड्यांनी त्यांच्या कानावर आलं की बाबा फहदला आज एक आणि उद्या दुसरंच सांगतात. परबकाका घरी येऊन आईला कौतुकाने म्हणाले, "वैनी, घोव तुझो बारा पिंपळावरचो. त्या पोराक असो फिरवता, की धा वर्सां शिकलो तरी त्याका काय गावाचा नाय." आई बरीच सुखावली. नवऱ्याची अक्कल शाबूत आहे याचा तिला बऱ्याच दिवसांनी पुरावा मिळाला होता.

मग एका शुक्रवारी दुपारी फहद वही घेऊन दारात आला. बाबा आत झोपले होते. आई पडद्यामागे, फहद उंबऱ्याबाहेर जमिनीकडे बघत उभा, आणि मध्ये मी, तेरा वर्षांची दुभाषी. माझं अरबी शाळेतलं, त्याचं हिंदी बाबांकडचं, त्यामुळे त्याच्या तोंडी मालवणी हेल होता. तो चिडलेला होता. म्हणाला, उस्ताद मला उलटं शिकवतो, मुद्दाम शिकवतो. हे बघ. शनिवारी सांगितलं सुंद्राचा व्हॉल्व्ह डावीकडे. सोमवारी उजवीकडे. बुधवारी म्हणाला सुंद्रा नावाचं मशीनच नाही, ती त्याची आत्या आहे. अमोनिया आहे तो, गुलाबपाणी नाही. मी मेलो तर माझी आई तुमच्या दारात येऊन बसेल. मी भाषांतर केलं. पडद्यामागून आई म्हणाली, त्याला सांग, चूक झाली असेल, माणूस आहे. मी सांगितलं. फहद म्हणाला, चूक नाही, लबाडी. कामात एक बोलतो आणि गप्पांत मात्र किती सरळ. कालच सांगत होता, भाऊ आलाय इंडियाहून. दोघांनी झऱ्यावर बसून मासे खाल्ले. भाऊ काटे काढून देत होता.

मी हे वाक्य मराठीत केलं नाही. आईला तेवढं हिंदी कळत होतं. पडदा बाजूला झाला. आई डोक्यावर पदर न घेता परक्या पुरुषासमोर आली. त्या गावात ते मी पहिल्यांदा आणि शेवटचं बघितलं. म्हणाली, "कोण भाऊ? नाव सांगलानी?"

फहदने वहीत बघितलं. "बब्बन," तो म्हणाला.

आईने वही मागितली. तिला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. मी वाचत गेले. बबनकाका सहा आठवड्यांत चार वेळा येऊन गेले होते. एकदा आंबे घेऊन आले होते. एकदा त्यांचं लग्न ठरलं होतं. फहदचा राग कधी उतरला ते मला कळलं नाही. त्याने एवढंच विचारलं, भाऊ आला नव्हता का? मी म्हटलं, तो वारला. फहद म्हणाला, म्हणजे उस्ताद माझ्याशी खोटं बोलत नाही. आणि मला आजही आश्चर्य वाटतं, त्याच्या आवाजात थोडा आनंद होता.

आत गेलो तर बाबा खाटेवर बसून होते. त्यांचे डोळे एका जागी ठरत नव्हते, दोन्ही बुबुळं कडेला जाऊन थरथरत होती. उभे राहायला गेले आणि सरळ कपाटावर कलंडले. कपाटाला म्हणाले, माफ करा, गर्दी फार आहे. फहदने त्यांना काखेत धरून गाडीत घातलं. आई गाडी चालवू शकत नव्हती, तो काळ तसा होता. त्यामुळे ज्याच्यापासून सगळं लपवायचं त्याच्याच गाडीत आम्ही बसलो. आईने वाटेत मला मराठीत पाठ दिला: चक्कर सांग. उन्हाचा त्रास सांग. जेवण जात नाही सांग. दुसरा काय्येक सांगशीत तर बापाशीक जेलात बघशीत.

दवाखान्यात एक उंच सुदानी डॉक्टर होते. त्यांनी बाबांच्या डोळ्यांपुढे बोट फिरवलं, चालायला लावलं, तळव्यांना सुई टोचली. आज वार कुठला, असं विचारलं. बाबांनी वार सांगितला नाही, पण त्या वारी त्यांच्याकडे कोण जेवायला येणार आहे ते सांगितलं. डॉक्टरांनी मला इंग्रजीत विचारलं, काही पितात का? मी आईचा पाठ म्हटला. तोवर नर्सने ग्लुकोजची बाटली टांगली होती. डॉक्टरांनी तिला हाताने थांबवलं आणि खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. फार हळू बोलले. म्हणाले, ही साखर आहे. साध्या अशक्तपणाला चांगली. पण मला वाटतंय तसं काही असेल, तर दुसरं इंजेक्शन आधी द्यायला हवं. ते न देता ही चढवली, तर तुझ्या वडिलांच्या डोक्यात जे उरलंय तेही जाईल. मी पोलीस नाही. पुन्हा विचारतो.

फहद दाराशी उभा होता. त्याला इंग्रजी कळत होतं. आई माझ्याकडे बघून म्हणाली, "नाय." एवढंच. मला दोन्ही दिसत होतं, जेलचं दार आणि ती बाटली. मी शूर वगैरे नव्हते. तो शब्द माझ्या तोंडून निघेना म्हणून मी दुसरा काढला. म्हटलं, त्यांचा एक मित्र आहे. सिद्दीकी.

डॉक्टरांनी डोळे मिटले आणि उघडले. विचारलं, ओळख किती वर्षांची? मी म्हटलं, मी तिसरीत होते तेव्हापासून. रोज भेटतात? मी आईकडे बघितलं. आणि तेवढ्यात खाटेवरून बाबा बोलले. नाव त्यांच्या कानावर पडलं होतं. चेहऱ्यावर मोठी माया आली. आईला म्हणाले, "सिद्दीकी इलेत? बसाक सांग मा तेंका. मोठो माणूस. तेंचो झील दुबईक आसा."

त्यांनी हे आईला सांगितलं. तिने ज्याला वड्या पाठवल्या, टोपडं शिवलं, ज्याच्यावर तीन वर्षं शिरा पाडली, तो माणूस आता बाबांच्या डोक्यात खरा होऊन बसला होता. स्वतःच रचलेली थाप त्यांना खरी वाटत होती. आई खाली बसली. मग डॉक्टरांकडे बघून तिने तिला येत होतं त्या हिंदीत, मोठ्या आवाजात सांगितलं, "रोज. सुबह को भी. चाय के पहले."

सगळे फहदकडे बघत होते, तिथला एकटाच ज्याच्या एका फोनवर बाबांची जागा उद्याच्या उद्या रिकामी झाली असती. तो भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता. मग डॉक्टरांना अरबीत म्हणाला, लिहा, जेवत नाहीत. महिनाभर मी बघतोय, डबा तसाच परत जातो. हे खोटं नाही. डॉक्टरांनी लिहिलं. बाहेर आल्यावर मी त्याला शुक्रिया म्हटलं तर त्याने भुवया उडवल्या. म्हणाला, उस्ताद जेलमध्ये, मग मी त्या तीन बायांबरोबर एकटा? ला वल्लाह, देवाशपथ नाही.

इंजेक्शन आधी गेलं, साखर मागून. दोन दिवसांत डोळे जागेवर आले. पण सिद्दीकी असा सहजी निरोप घेणारा नव्हता. तीन दिवस बाबा घामाने भिजत, थरथरत, भिंतीवरून मुंग्यांची वरात चाललेली बघत. त्यांनी ती मला पालखीपासून बँडबाज्यापर्यंत वर्णन करून सांगितली. मी हसले, आणि बाहेर जाऊन रडले, आणि परत येऊन पुढची वरात विचारली. हात हळूहळू थांबले. चाल पुष्कळशी सुधारली. आठवण मात्र आली नाही. सकाळचं दुपारी नसायचं, आणि नसायचं त्या जागी ताबडतोब दुसरं काहीतरी हजर. कारखान्याने तब्येतीच्या कारणावर फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं मायदेशी जायचा व्हिसा दिला. फहद बाबांच्या जागी बसला. शेवटचे आठ दिवस त्याने बाबांना शेजारी खुर्ची टाकून दिली आणि वहीतलं प्रत्येक वाक्य स्वतः मशीनवर तपासलं. बाबा प्रत्येक वाक्याला "बरोबर" म्हणत. परबकाका निरोपाला आले ते बाबांचा हात धरून खूप वेळ बसले. टॉवेल गुंडाळायची गोष्ट कुणी काढली नाही.

गावी आल्यावर आईने कंबर कसली. सुदानी डॉक्टरांनी सांगितलं होतं, थेंबही नको, गोळ्या चुकवू नका, जेवायला घाला, आणि रोज साधं काहीतरी विचारत राहा. आईने एकच प्रश्न ठरवला. अकराच्या सुमारास पाटावर बसून नारळ खवता खवता विचारायची, सकाळी काय खाल्लंत? बाबांचं उत्तर तयार. सोमवारी कलेक्टरसाहेबांबरोबर श्रीखंडपुरी. मंगळवारी विमानात मिळतो तो चौकोनी केक. एकदा म्हणाले, आज उपास, कारण घरात तांदूळच नाही, आणि मग शेजारच्या बाईंनी खरंच तांदूळ आणून दिले. वाडीतली माणसं अकराला आमच्या पडवीत जमायला लागली. बाबांना समोर माणसं दिसली की रंग चढायचा. आई खवणी उगारून माणसांना हाकलायची. आणि मी, जिने दवाखान्यात एवढं धैर्य दाखवलं म्हणून आजवर स्वतःची पाठ थोपटून घेत आले, मी संध्याकाळी आई विहिरीवर गेली की हळूच विचारायची, बाबा, मग कलेक्टरांनी काय विचारलं? मला पुढची गोष्ट हवी असायची. त्यांच्या डोक्यातल्या भोकांतून मी वर्षभर करमणूक करून घेतली. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. इथे सांगते, कारण इथे मला कुणी थांबवत नाही.

दुसऱ्या वर्षी, गणपती होऊन गेले होते, आईने नेहमीप्रमाणे विचारलं. पडवीत त्या दिवशी आम्ही तिघंच होतो. बाबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मी वाट बघत होते कलेक्टरांची. ते अंगणाकडे बघत राहिले, कपाळाला आठी घातली, दोन बोटांनी गुडघ्यावर काहीतरी मोजल्यासारखं केलं. एवढा वेळ थांबलेले मी त्यांना कधी बघितले नव्हते. मग म्हणाले, "माका आठवणा नाय."

आईचा हात खवणीवर थांबला. म्हणाली, "काय म्हणालात? परत सांगा."

"आठवणा नाय म्हणतंय मा," बाबा वैतागून म्हणाले. "तूच सांग. काय खाल्लंय मी?"

आईने खवणी बाजूला सारली. पदराने डोळे पुसले आणि मग उगाच नाकही पुसलं. म्हणाली, "पेज."

बाबांनी ते ऐकून घेतलं. जरा विचार केला. "पेजेवांगडा काय होता?"

"सुको बांगडो."

"मगे बरी लागली आसतली," बाबा म्हणाले.